नळ ठिबकतोय, पाझरतोय की मुरतोय?

आमच्या नेरूळच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर पंधरा-वीस दिवसांनी एक संदेश येतोच: "किचनचा नळ लीक आहे, चांगला प्लंबर आहे का कुणाकडे?" मग तीन नंबर येतात. दोन उचलत नाहीत, तिसरा "संध्याकाळी येतो" म्हणतो आणि परवा उगवतो. मी हल्ली त्या संदेशाला उलटा प्रश्न टाकतो. लीक म्हणजे नेमकं काय होतंय? ठिबकतोय, पाझरतोय, ओघळतोय की भिंतीत मुरतोय?

सुरुवातीला लोकांना वाटलं, याला मराठीचा कळवळा आलाय. तसं काही नाही. ही चार क्रियापदं म्हणजे नळाचे चार वेगळे बिघाड आहेत, नळाच्या चार वेगळ्या जागी होणारे. एकाचा इलाज दहा रुपयांत होतो आणि एकासाठी टाइल फोडायची वेळ येऊ शकते. त्यामुळे पाना हातात घ्यायच्या आधी नळासमोर पाच मिनिटं नुसतं उभं राहून बघायचं. निम्मं काम तिथेच होतं.

आपल्याकडच्या बहुतेक स्वयंपाकघरांत सिंकच्या वर भिंतीतून आलेला, लांब फिरत्या चोचीचा नळ असतो. दुकानात त्याला सिंक कॉक म्हणतात. बाहेरून तो कितीही चकचकीत असू दे, पाणी अडवणाऱ्या जागा त्यात चारच. पहिली आत पोटात, जिथे मूठ फिरवल्यावर पाण्याची वाट बंद होते. दुसरी मुठीच्या खाली, दांडा नळात शिरतो तिथे. तिसरी फिरत्या चोचीच्या बुडाशी, म्हणजे मानेत. चौथी भिंतीत, जिथे नळाचे आटे पाइपच्या तोंडात बसतात.

आता बघा. नळ पूर्ण बंद आहे आणि चोचीच्या टोकातून थेंब पडतोय, तर तो ठिबकतोय: पहिली जागा. बंद असताना ठीक आहे, पण चालू केला की मुठीखाली ओलावा येतो, तर पाझरतोय: दुसरी. चोच इकडून तिकडे फिरवताना मानेतून पाणी नळाच्या अंगावरून खाली येतं, तर ओघळतोय: तिसरी. आणि भिंतीला टेकलेल्या गोल वाटीच्या कडेने ओल दिसते, किंवा मागच्या खोलीच्या रंगाला पोपडे धरलेत, तर पाणी मुरतंय. अक्षरशः. या चौथ्या बिघाडाला मी घाबरतो, कारण तिथे पाणी दिसायच्या आधी शेजाऱ्याचा फोन येतो.

आमच्याकडे पहिला प्रकार होता. आईने त्यावर तिच्या पद्धतीने उपाय केला होता: चोचीला सुतळी बांधून तिचं टोक सिंकच्या जाळीपर्यंत सोडलेलं. थेंब सुतळीवरून आवाज न करता उतरायचा. रात्रीची टपटप थांबली आणि त्यामुळे दुरुस्ती दोन महिने लांबली! शेवटी एका रविवारी मी नळाखाली लिटरचं माप ठेवलं. दोन तासांत काठोकाठ भरलं. म्हणजे दिवसाला बारा लिटर, वर्षाला चार हजार तीनशेच्या वर. हे पाणी खालापूर तालुक्यातल्या मोरबे धरणातून उचललेलं, भोकरपाड्याला शुद्ध केलेलं, मैलोगणती पाइपांतून नेरूळला आणून पंपाने आमच्या गच्चीवर चढवलेलं. आणि आम्ही ते सुतळीवरून गटारात सोडत होतो.

ठिबकणं रात्री जास्त का वाटतं, तर शांतता हे एक कारण, पण खरोखर वाढतंही. गच्चीवरच्या टाकीपासून नळापर्यंत पाण्याची जी उभी उंची असते, तिच्या दर एक मीटरमागे साधारण 0.1 बार दाब नळावर येतो. आमचं घर सिडकोच्या चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. टाकी पाचेक मीटर वर, म्हणजे दाब जेमतेम अर्धा बार. दिवसा त्याच उभ्या पाइपवरचे सगळे जण भांडी घासत असतात, तेव्हा तोही पडतो. रात्री सगळे नळ बंद झाले की पूर्ण दाब नळातल्या रबरी वायसरवर. ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या तीस मजली टॉवरमध्ये हेच गणित नव्वद मीटरचं, म्हणजे नऊ बारचं होईल, म्हणून तिथे मधल्या मजल्यांवर दाब कमी करणारे व्हॉल्व्ह बसवावे लागतात. तुम्ही टॉवरमध्ये राहत असाल आणि नळ दर वर्षी बिघडत असेल, तर दोष नळाचा नसून त्या व्हॉल्व्हचा असू शकतो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये विचारा.

आता नळाच्या पोटात. दोन जाती आहेत, आणि कुठली आपली हे मूठ फिरवली की कळतं. मूठ तीन-चार वेढे फिरत असेल, तर तो जुन्या पद्धतीचा वायसरवाला नळ. पाव वेढ्यात उघडत-बंद होत असेल, तर आत सिरॅमिकच्या चकत्या आहेत.

वायसरवाल्या नळाची युक्ती जुनी आहे. इंग्लंडमधल्या रॉदरहॅमच्या गेस्ट अँड क्राइम्स या कारखान्याने 1845 साली तिचं पेटंट घेतलं आणि मूळ कल्पना आजही तीच आहे. मूठ फिरवली की पितळी दांडा, म्हणजे स्पिंडल, आट्यांवरून खाली येतो. त्याच्या टोकाच्या टिकलीवर काळा रबरी वायसर असतो, तो खालच्या गोल भोकाच्या काठावर दाबून बसतो. पाण्याची वाट बंद. बाटलीच्या तोंडावर अंगठा दाबून धरावा तसं. अंगठा मऊ आणि काठ गुळगुळीत, तोवर सगळं ठीक.

आमचा वायसर काढला तेव्हा तो रबर राहिलाच नव्हता. वरच्या बाजूला शिक्का मारल्यासारखी खोल गोल चरी, कडा चिरलेल्या, आणि बोटांना काजळी लागावी तसं काळं लागत होतं. तो असा होतो त्याला मुख्यतः आपण जबाबदार. नळ थोडा ठिबकला की आपण मूठ जोरात आवळतो. त्याने रबर आणखी चेपतं, चरी खोल जाते, पुढच्या वेळी आणखी जोर लागतो. आमच्याकडे शेवटी अशी स्थिती होती की आई नळ बंद करायला मला हाक मारायची.

वायसर बदलणं हे काम शब्दशः पंधरा मिनिटांचं. पाणी बंद करा, मुठीवरचा लाल-निळा ठिपका नखाने उचला, खालचा स्क्रू काढा, मूठ ओढून घ्या, दिसणारा षटकोनी नट पान्याने सोडवा, स्पिंडल बाहेर येईल. जुना वायसर काढा, त्याच मापाचा नवा घाला. पण बंद करायच्या आधी एक करा: करंगळी आत घालून त्या भोकाच्या काठावरून फिरवा. काठ सलग लागला तर छान. कुठे खाच, खरबरीत खड्डा लागला तर नवा वायसर आठवडाभर टिकेल आणि पुन्हा टपटप सुरू. माझ्या करंगळीला चांगली खाच लागली. वायसरचे दहा रुपये गेले, पण कारण कळलं. नळच बदलायचा ठरला.

सिरॅमिकवाल्या नळात रबर चेपण्याचा प्रकार नाही. अ‍ॅल्युमिनाच्या दोन कडक चकत्या, आरशासारख्या घासलेल्या, एकीवर एक बसलेल्या असतात. दोन्हींना भोकं. एक स्थिर, दुसरी मुठीबरोबर फिरते. भोकं समोरासमोर आली की पाणी चालू, सरकली की बंद. इथे आवळून काही मिळत नाही, उलट आतला थांबा मोडतो. या चकत्यांचा शत्रू म्हणजे बारीक रेती आणि गंज. एक कण मध्ये आला, ओरखडा पडला, की ठिबकणं सुरू. तेव्हा आतलं अख्खं काट्रिज, म्हणजे चकत्या आणि दांडा यांचा एकत्र संच, बदलायचं. दुकानदार त्यालाही स्पिंडलच म्हणतात. प्रत्येक कंपनीचं काट्रिज वेगळं, लांबी वेगळी, मूठ बसते त्या टोकाचे दाते वेगळे, म्हणून फोटो दाखवून चालत नाही. आमच्या इथला हार्डवेअरवाला तर "नमस्कार"च्या जागी "जुना आणलाय का?" असंच म्हणतो.

पाझरणं आणि ओघळणं यांच्याबद्दल फार लिहीत नाही. पाझरत असेल तर मुठीखालचा नट पाव वेढा आवळून बघा, न थांबल्यास आतली रबरी रिंग बदला. मानेतून ओघळत असेल तर चोच बुडाशी सोडवा, तिच्यावर एक-दोन रबरी रिंगा दिसतील, त्या नव्या घाला. दोन्ही कामं चहा उकळेपर्यंतची.

नळ बदलायचा म्हटलं की पहिला प्रश्न नळाचा नसून पाण्याचा असतो. ते बंद कुठे होतं? हे शांतपणे, काम नसलेल्या दिवशी शोधून ठेवा. नव्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघरात किंवा बाथरूमच्या वर भिंतीत कॉक असतो. जुन्या घरांत माळ्याजवळ चक्रीवाला गेट व्हॉल्व्ह असतो. तो आमच्याकडे होता. चक्री फिरली, फिरतच राहिली, पाणी तसंच. गेट व्हॉल्व्हच्या आत एक पितळी पाचर वर-खाली होऊन पाणी अडवते. वर्षानुवर्षं कुणी हात लावला नाही की ती जागच्या जागी चिकटते, आणि एक दिवस जोर लावला की दांड्यावरून निसटते. चक्री फिरते, पाचर आपल्या जागी ढिम्म. तुमच्याकडे असा व्हॉल्व्ह असेल तर दोन-तीन महिन्यांतून एकदा बंद-चालू करत जा. आणि आता चालत असलाच, तर भरवसा ठेवू नका: तो बंद करून किचनचा नळ उघडा, धार पूर्ण थांबते का बघा.

घरातला व्हॉल्व्ह नापास झाला की गच्ची. टाकीपासून निघालेले पाच-सहा उभे पाइप, प्रत्येकावर कॉक. कुठला कुणाचा हे रंगाने लिहिलेलं असतं, आणि ते ऊन-पावसाने गेलेलं असतं. वॉचमनला विचारा. पाइप उभा असल्यामुळे आपला कॉक बंद केला की त्या रांगेतल्या तळमजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत सगळ्यांच्या ओट्याचं पाणी जातं. तेव्हा आदल्या दिवशी सांगून ठेवा. मी ग्रुपवर "उद्या अकरा ते साडेअकरा" असं लिहिलं, तरी वरच्या आजींनी अकरा वाजता डाळ-तांदूळ धुवायला घेतलेच.

यातूनच माझ्या मते या सगळ्या कामातली सर्वांत शहाणपणाची खरेदी येते, आणि ती नळ नव्हे. ती आहे अर्ध्या इंचाचा प्लास्टिकचा प्लग. प्लंबर त्याला डमी म्हणतात. जुना नळ काढला, नवा बसत नाहीये, काहीतरी आणायला खाली जावं लागतंय: डमी भिंतीत फिरवून लावा आणि गच्चीवरचा कॉक उघडा. इमारतीचं पाणी सुरू, तुमच्यावरची घाई संपली. घाईत माणूस जोर लावतो आणि जोरामुळे काय होतं ते पुढे सांगतो. दुसरं म्हणजे हे काम हार्डवेअरचं दुकान उघडं असताना करायचं. रविवारी संध्याकाळी अजिबात नाही.

नळ घेताना "अर्ध्या इंची" सांगायचं. घरी पट्टी लावून बघाल तर गोंधळाल, कारण त्या अर्ध्या इंची नळाच्या आट्यांचा बाहेरचा व्यास भरतो जवळपास 21 मिलीमीटर, म्हणजे पाऊण इंचाच्याही वर. फसवणूक नाही. हे माप आट्यांचं नसून जुन्या लोखंडी पाइपच्या आतल्या पोकळीचं. पाइपची जाडी बदलली, पोकळी बदलली, नाव तेच राहिलं. आटेही ब्रिटिश पद्धतीचे, एका इंचात चौदा, 55 अंशांच्या कोनाचे. व्हिटवर्थ नावाच्या इंजिनिअरने 1841 मध्ये जे प्रमाण मांडलं त्याच घराण्यातले. हे सांगायचं कारण, परदेशातल्या नातेवाइकांनी आणलेले झकपक नळ. अमेरिकेतल्या अर्ध्या इंची आट्यांचीही संख्या चौदाच, पण कोन 60 अंशांचा आणि व्यास जरा जास्त. दोन वेढे छान जातो, माणूस खूश होतो, आणि मग अडतो. तिथे पाना लावला की भिंतीतल्या आट्यांची वाट लागते.

बाकी निवड सोपी. हातात घेऊन वजन बघा, पितळ जड लागतं. आयएसआय खूण बघा. चोच सिंकच्या मध्यावर पडेल इतकी लांब हवी, नाहीतर पाणी कडेवर आपटून ओटा ओला. बोअरवेलचं किंवा टँकरचं जड पाणी येत असेल, तर पांढऱ्या पीटीएमटी प्लास्टिकचा नळ नाक मुरडण्यासारखा नाही. त्याला गंज चढत नाही. आमच्या गच्चीवर सगळे तसलेच आहेत, पण त्याचं कारण वेगळं: पितळेचे चोरीला जातात.

आता काढणं. इथे थांबून भिंतीत कुठला पाइप आहे ते ओळखायला हवं. तीस-पस्तीस वर्षांच्या इमारतीत, पुढे कधी काही बदललं नसेल तर, जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप असतो. नव्यात क्रीम रंगाचा सीपीव्हीसी प्लास्टिकचा, ज्याच्या कोपऱ्यात पितळेचे आटे बसवलेले असतात. भिंतीवरची वाटी मागे सरकवून टॉर्च मारली की दिसतं. लोखंडाला लोहचुंबक चिकटतं, पितळेला नाही.

दोघांचा धोका वेगळा. लोखंडी पाइपात नळ गंजाने जाम झालेला असतो. सीपीव्हीसीत गंज नसतो, पण प्लास्टिकचा कोपरा जोराने तडकतो, आणि तो तडकलेला कळतो पाणी सुरू केल्यावर, टाइलच्या मागे.

आठेक वर्षांपूर्वी बाथरूमचा नळ काढताना मी हा धडा पैसे मोजून घेतला. जीआयचा पाइप, नळ हलेना, मी पाइप पान्याला लांब नळकांडं लावून लटकलो. "कट" असा आवाज आला आणि नळ फिरला. मला वाटलं सुटला. हातात आला तेव्हा त्याला लागलेलं निपल, म्हणजे आटे असलेला पाइपचा आखूड तुकडा, मधोमध तुटलेलं होतं, उरलेला तुकडा भिंतीच्या आत. मग प्लंबर, छिन्नी, दोन टाइल. त्या रंगाच्या टाइल बाजारात राहिल्या नव्हत्या. पाहुणे आजही विचारतात, की तेवढ्याच दोन निळ्या का?

म्हणून आता माझी पद्धत अशी. नळाच्या अंगावर जाड फडकं गुंडाळायचं, म्हणजे पान्याच्या दातांनी चकाकी जात नाही. जबडा कमी-जास्त होणारा साधा पाना घ्यायचा, नळाच्या चपट्या भागावर भिंतीजवळ लावायचा आणि घड्याळाच्या उलट दिशेने सावकाश, वाढता दाब द्यायचा. झटका नाही. हलला नाही तर जोडावर गंज सोडवणारं तेल मारून तासभर जेवून यायचं. पुन्हा हलला नाही तर पहिल्यांदा चिमूटभर घट्ट करून मग सोडवून बघायचं. गंजाचं कवच तुटायला कधी कधी तेवढं पुरतं. आणि या सगळ्यात डावा हात भिंतीवर ठेवायचा. नळाबरोबर भिंतीतला पाइपही वळतोय किंवा टाइल कुरकुरतेय असं तळव्याला जाणवलं, की पाना खाली ठेवून प्लंबरला फोन. इथे फोन करण्यात कमीपणा काही नाही, दोन टाइलपेक्षा स्वस्त पडतो.

आमचा या वेळी तेल आणि जेवण यानंतर सुटला. नळ निघाला की भोकातून लाल पाणी आलं, पाइपात अडकलेलं. जुनी टेप, गंज, पांढरा थर हे सगळं जुन्या टूथब्रशने खरवडून काढलं. मग आली सर्वांकडून चुकणारी पायरी. नवा नळ लावायच्या आधी पाइप धुवायचा. भिंतीतल्या भोकाखाली बादली धरून गच्चीवरचा कॉक क्षणभर उघडायचा, म्हणजे सुटलेला गंज बाहेर येतो आणि नव्या सिरॅमिक चकत्यांत जात नाही. मुलगी गच्चीवर, मी ओट्यावर, फोन स्पीकरवर.

"बाबा, सोडू?"

"थांब, बादली..."

तिने 'थांब' ऐकलं नाही. बायकोने फळीवरचे डबे पुसले, मी फरशी. पण बादलीत बघण्यासारखं होतं: तळाशी चहाच्या गाळासारखा तपकिरी थर. ते सगळं नव्या नळात गेलं असतं.

त्यानंतर नळ टेप न लावता, नुसत्या हाताने फिरवून बघा. पाच-सहा वेढे जायला हवेत. आमचा एकच गेला. कारण स्वयंपाकघराचं काम केलं तेव्हा जुन्या टाइलवरच नव्या टाइल चिकटवल्या होत्या, भिंत इंचभर पुढे आली आणि पाइपचं तोंड तेवढंच आत गेलं. नवी मुंबई-ठाण्यातल्या जुन्या फ्लॅटमध्ये हे सर्रास असतं. यासाठी एक्स्टेंशन मिळतं: एका बाजूने बाहेरचे आटे, दुसऱ्या बाजूने आतले, अर्धा इंच ते दोन इंच लांबीची. पेन्सिल भोकात घालून टाइलच्या पातळीला नखाने खूण करा, तेवढं माप घेऊन दुकानात जा. मी डमी लावली, गच्चीवर पाणी सुरू करायला सांगितलं आणि निवांत खाली गेलो.

आता टेप. पांढरी, पातळ, चिकट नसलेली, टेफ्लॉनची. आटे कितीही नीट कापलेले असले तरी त्यांच्यात केसाएवढी फट राहतेच. टेप ती फट भरते, आणि निसरडी असल्याने नळ आत सरकायलाही मदत करते. पूर्वी प्लंबर यासाठी धागा आणि सफेदा नावाचा पांढरा लेप वापरायचे, काही जुने अजूनही वापरतात. टेप कुठल्या दिशेने गुंडाळायची हाच महत्त्वाचा भाग. नळाचे आटे स्वतःच्या तोंडाकडे धरा आणि घड्याळाच्या काट्यांप्रमाणे गुंडाळा. म्हणजे नळ भिंतीत फिरताना टेप आणखी आवळते. उलट गुंडाळली तर आत जाताना पिसासारखी सुटून बाहेर येते, आणि आपल्याला वाटतं टेप खराब. टोकाचा पहिला आटा मोकळा ठेवा, बाकीवर ताणून दहा-बारा वेढे, आट्यांचा आकार टेपमधून दिसला पाहिजे. एक्स्टेंशनला वेगळी टेप, नळाला वेगळी.

आणि हो, भिंतीवरची ती गोल वाटी आधी नळात ओवा. मी विसरलो. सगळं घट्ट करून मागे वळलो तर वाटी ओट्यावर माझ्याकडे बघत होती.

खरी कसरत शेवटच्या वेढ्यात आहे. नळ घट्टही व्हायला हवा आणि सरळ उभाही. बाटलीचं झाकण कुठेही थांबलं तरी चालतं, नळाची मूठ मात्र वरच हवी, कोपऱ्यात तिरकी नाही. नियम एकच: टेप लावलेला नळ फक्त पुढे जातो. जरा जास्त फिरला म्हणून सरळ करायला मागे आणलात, की दाबली गेलेली टेप जागा सोडते आणि त्या फटीतून पाणी मुरायला लागतं. मागे आणावाच लागला तर पूर्ण काढा, टेप खरवडा, नवी लावा. सरळ उभा राहिला पण अजून सैल वाटतोय, तर काढून दोन-तीन वेढे वाढवा. घट्ट झाला पण पाव वेढा कमी पडतोय, तर पान्याने रेटू नका, काढून दोन-तीन वेढे कमी करा. माझा तिसऱ्या खेपेला जमला. टेप स्वस्त आहे, भिंत नाही.

किती घट्ट? हाताने फिरेल तेवढा, मग पान्याने एक ते दीड वेढा, मनगटाच्या जोराने. खांदा वापरावा लागला तर काहीतरी चुकतंय.

चोचीच्या टोकाची जाळी काढून ठेवा, नळ उघडा राहू द्या, आणि मग गच्चीवरचा कॉक हळूहळू उघडायला सांगा. पाइपात हवा भरलेली असते. नळ आधी शिंकतो, खोकतो, मग तपकिरी, मग दुधी, मग स्वच्छ पाणी. मिनिटभर वाहू द्या, बादलीत धरून झाडांना घाला. जाळी परत लावा. धार बारीक वाटली तर पुन्हा जाळीच बघा, पहिल्या दोन दिवसांत तिच्यात कचरा अडकतोच.

भिंतीतला जोड तपासायला डोळ्यांवर विसंबू नका, ओल्या टाइलवर काही कळत नाही. वाटी मागे सरकवून भोक पुसून कोरडं करा, वर्तमानपत्राच्या कागदाची पट्टी जोडाभोवती सैल गुंडाळा आणि नळ बंद ठेवून रात्रभर राहू द्या. वर्तमानपत्र ओलं झालं की लगेच काळवंडतं, लपवाछपवी करत नाही. आमची पट्टी सकाळी कोरडी निघाली, तेव्हा कुठे वाटी टाइलला चिकटवली.

जुना नळ टाकू नका. पितळ असेल तर भंगारवाला वजनावर घेतो, मात्र वरची मूठ आणि प्लास्टिक तो आधी तोडून घेईल. नव्या सिरॅमिक नळाचा खोका आणि त्यावरचा मॉडेल नंबर ठेवा. मी तर त्याचवेळी एक जादा काट्रिज घेऊन ओट्याखालच्या डब्यात टाकलं, उरलेली टेप आणि डमीच्या शेजारी. सुतळीही तिथेच आहे. आईने गुंडाळून ठेवली, म्हणाली, वरच्या आजींचा नळ ठिबकतोय.